घरजावई फॉन्ट

फॉन्ट आता भाड्याने मिळतो. वर्गणी भरा, अक्षर वापरा. वर्गणी थांबली की अक्षर मालकाकडे परत. वेबसाइटवर लावलं, तर किती लोकांनी पान उघडलं त्याचंही मीटर पडतं. शिशाचे खिळे वजनावर विकत मिळायचे, तेव्हा निदान झिजलेला टाइप मोडीत घालून चार पैसे तरी सुटायचे!

मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीसारख्या गावात मात्र हे भाडं वसूल करायला कोण येणार? इथे फॉन्ट घरजावयासारखा, पेनड्राइव्हमधून येतो तो परत जातच नाही. परवान्याचं विचारलं तर छपाईचा दुकानदार आधी वाहनाचे कागद काढेल.

राज्य हिंदीचं, म्हणून संगणकावर कृतिदेव फॉन्ट. महाराष्ट्राची हद्द जवळ, म्हणून काही घरांतल्या लग्नपत्रिका मराठीत. मग मजकूर मराठी आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे. त्यात कृतिदेव युनिकोड नव्हे. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की नवरदेवाच्या नावाची रोमन अक्षरं आणि कंस होतात. (आहेर तेवढा योग्य नावाने येतो.)

गंमत म्हणजे भाडं न मागणारी चांगली अक्षरंही आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मुक्त परवान्याचा आहे, धंद्याच्या कामालाही चालतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ खास मराठी वळणाचा, तोही फुकट. फुकट आणि कायदेशीर, बहुधा म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही.

पत्रिका छापायला टाकाल तेव्हा फॉन्टचं नाव सांगा, आणि प्रूफ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.