लाल किड्याचं काळं नाव

मोशीत रिकामा प्लॉट आणि रुईचं झाड यांचं सख्य जुनं आहे. इमारत उठेपर्यंत रुईला कुणी हात लावत नाही, अपवाद शनिवारचा. मारुतीच्या माळेसाठी पानं खुडणारे येतात, एखादं पान उलटतात आणि दचकून हात मागं घेतात. पानामागं शेंदरी अंगावर काळी नक्षी मिरवणारे किडे घोळक्यानं बसलेले असतात. मारुतीच्या रंगाशी एवढं इमान राखणाऱ्या या मंडळींच्या कुळाचं शास्त्रीय नाव लायगेइडी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काळोखा, उदासवाणा!

हा पराक्रम डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांचा. १७९४ साली त्यांनी ‘लायगेयस’ हे नाव काढलं आणि १८२९ साली शिलिंग यांनी त्यावरून अख्ख्या कुळाला आडनाव दिलं. या लायगेयस मंडळींतला युरोपातला सर्वांत प्रसिद्ध किडा चांगला लालभडक आहे. उलट कपाशीवरचा लाल ढेकूण ज्या शेजारच्या कुळातला, त्या पायऱ्होकोरिडीच्या नावात मात्र रीतसर आग आहे. बारशाच्या दिवशी पाळणे बदलले असावेत.

किडा स्वतः मुळीच उदास नाही. रुईचं फळ तडकलं की रेशमी झुपक्यांच्या बुडाशी चपट्या तपकिरी बिया दिसतात. हा पोटाखाली दुमडलेली सोंड सरळ करतो, बीत खुपसतो, लाळ सोडून आतला गर पातळ करतो आणि निवांत ओढत बसतो. रुईच्या चिकात हृदयावर घाला घालणारं विष असतं. ते हा पठ्ठ्या पचवतो, वर अंगात साठवूनही ठेवतो. लाल-काळा रंग ही पक्ष्यांना दिलेली जाहीर नोटीस. जोडी जमली की दोघं मागच्या टोकांनी जुळून तासन्‌तास फिरतात. मादी अंगानं मोठी, ती म्हणेल ती दिशा. नवरदेव उलट्या पावलांनी फरपटत मागं.

रुईवरच्या नेहमीच्या दोघांची नावं स्पायलोस्टेथस पँड्युरस आणि स्पायलोस्टेथस होस्पेस. स्पायलोस्टेथस म्हणजे छातीवर ठिपका असलेला, होस्पेस म्हणजे पाहुणा. पँड्युरसचा पांडुरंगाशी काडीचाही संबंध नाही. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

मराठी कृषिपुस्तकं या सगळ्यांना सरसकट ढेकूण म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कुंडीतल्या लाल किड्याचा फोटो टाकतो, एक जाणकार ‘ढेकूण वर्गातला आहे’ असं कळवतो आणि पाचव्या मिनिटाला गाद्या उन्हात घालायची चर्चा सुरू होते. हसू नये. खुद्द लिनियसनं १७५८ साली त्या युरोपीय लाल किड्याला ‘सायमेक्स’ म्हटलं होतं आणि सायमेक्स म्हणजे खाटेतला ढेकूणच.

खरी भानगड १९९७ साली झाली. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ थॉमस हेन्री यांनी लायगेइडीचं हे खटलं तपासलं आणि एका चुलीवर जेवणारे सगळे एका रक्ताचे नाहीत, असं दाखवून वाटण्या केल्या. दहाच्या वर कुळं निघाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मोशी गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. तरीही पत्ता विचारला, की जुनी माणसं आधी ‘मुक्काम पोस्ट मोशी, तालुका हवेली’ म्हणतात आणि शेतीच्या पुस्तकांतही कपाशीवरचा करडा ढेकूण अजून लायगेइडीच्याच घरात नांदतो. नव्या वाटणीत तो ऑक्सिकॅरेनिडीकडे गेलाय. त्याचं पाळण्यातलं नाव ऑक्सिकॅरेनस हायलिनिपेनिस, म्हणजे अणकुचीदार डोक्याचा, काचपंखी. नाव एवढं देखणं, उद्योग मात्र उकललेल्या बोंडात घुसून सरकी शोषण्याचा. जिनिंगमध्ये कापसाबरोबर चिरडला गेला, की रुईवर डाग पाडतो. ही रुई अर्थात कापसाची, मारुतीची नव्हे.

मोशीच्या किसान प्रदर्शनात विदर्भातला कापूसवाला या ढेकणाबद्दल विचारायला आला, तर त्याला कुळाच्या वाटणीचं सोयरसुतक नसतं. त्याला बी उगवेल का आणि भाव किती कापतील, एवढंच हवं असतं.

‘बियांवरचे ढेकूण’ हे सोपं नावही सगळ्यांना बसत नाही. मोठ्या डोळ्यांचा जिओकोरिस याच जुन्या घरातला, पण बी सोडून मावा, कोळी आणि इतर किड्यांची अंडी मटकावतो. शेतकऱ्यानं त्याला फवारणीतून वाचवावं, असा गुणी. आणि सर्वांत गोंधळाचा तो ‘चिंच बग’. चिंचवड परिसरात हे नाव ऐकून माणूस हमखास चिंचेच्या झाडाकडं बघणार. पण ही चिंच आली स्पॅनिशमधून आणि तिथं ‘चिंचे’ म्हणजे पुन्हा ढेकूणच. हा किडा चिंचेच्या वाटेला जात नाही. त्याला गवताच्या जातीची पिकं लागतात. आपल्याकडचे त्याचे भाऊबंद उसात, पानाच्या बेचक्यात रस पीत बसलेले सापडतात.