पयला फुकट

तेलगावच्या चौफुलीवर माझा चहा निवत होता आणि बाकावरचा पोरगा महायुद्ध लढत होता. फोनच्या काचेला मधोमध तडा. तड्याच्या अलीकडे एक लोखंडी राक्षस, पलीकडे दुसरा. दोघंही एकमेकांना भाजून काढताहेत.

"केवढ्याला रे हा रोबो?"

"पयला फुकटच देतेत की, काका."

पहिला फुकट! बीड जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागतं का?

खेळ 'वॉर रोबोट्स', 2014 सालचा. इकडं सहा, तिकडं सहा. पहिलं यंत्र हातात ठेवतात आणि मग खरा खेळ सुरू होतो. ताकद वाढवायची तर घड्याळाकडं बघत बसा. घाई आहे? पैसे मोजा. आधी द्यायचं आणि मग हंगामभर वसूल करायचं, याला आपल्याकडं उचल म्हणतात. फरक एवढाच की आपला मुकादम दारात येऊन उभा राहतो, हा खिशात बसतो.

याच जातीचा थोरला खेळ 'टायटनफॉल'. मार्च 2014 मध्ये आला. त्यात टायटन नावाचं धूड थेट आभाळातून पडतं, तुम्ही त्याच्या पोटात शिरता आणि तुडवत सुटता. पण ते आल्याआल्या मिळत नाही. आधी घड्याळ चालू होतं. ते लवकर संपवायचं तर माणसं मारायची. त्यासाठी मैदानात 'ग्रंट' सोडलेले असतात. संगणकानं चालवलेलं साधं पायदळ. त्यांना नाव नाही, गाव नाही. त्यांनी मरायचं, तुमचं घड्याळ पळायचं, यंत्र लवकर यायचं.

ओळखीचं वाटतंय?

चौफुलीवरून रस्ते चार: बीड, परळी, माजलगाव, धारूर. साखर कारखाना गावातच आहे. तरी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात नग एक. ग्रंटला निदान स्वतंत्र मोजतात!

आणि टायटन? तो कधीच उतरला की. हार्वेस्टर म्हणतात त्याला. किंमत कोटीच्या घरात, उंच केबिन, आत एसी, काचेमागं एकटा पायलट. एक कोयता दिवसभरात दोनेक टन तोडतो, हे धूड शंभराच्या आसपास. म्हणजे किती जोडपी घरी? गणित सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

सरकारनं मात्र दुसरं गणित चोख केलं. यंत्र घेणाऱ्याला किमतीच्या चाळीस टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान जाहीर झालं. कोयत्याला धार लावायला किती?

शिवाय यंत्र वाढं ठेवत नाही. फडातलं वाढं म्हणजे बैलांची वैरण आणि उरलं तर चार पैसे. यंत्र ते उडवून टाकतं. बैलांनी काय खावं, हे त्याच्या माहितीपुस्तकात नसावं.

'टायटनफॉल'च्या दुसऱ्या भागात यंत्राला तीन नियम असतात. तिसरा नियम: पायलटला जपा. त्यापायी ते लोखंड शेवटी स्वतः संपतं. आता 2019 सालच्या सरकारी समितीकडं या. बीड जिल्ह्यात तिनं 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या 13 हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. इथलाही एक नियम आहे. पाळीपायी खाडा झाला तरी दंड.

लोखंडाला कळलं ते!

'टायटनफॉल'चा तो दुसरा भाग चांगला असून बुडाला, हेही सांगायला हवं. कंपनीनं तो 28 ऑक्टोबर 2016 ला बाजारात आणला. आठवडाभर आधी त्याच कंपनीनं स्वतःचाच 'बॅटलफिल्ड 1' सोडला होता, आठवड्यानंतर 'कॉल ऑफ ड्यूटी' आला. आपल्याच उसात आपलीच ढोरं. पुढं 2019 मध्ये त्याच जगातला 'एपेक्स लेजेंड्स' काढला. त्यातून टायटन काढून टाकले, नुसती माणसं ठेवली. तुफान चालला.

आपल्याकडं नेमकं उलटं करून बघतोय.

पोरं खेळापायी बिघडली म्हणता? पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली आणि पुढच्याच वर्षी नवं बारसं होऊन तो परत आला. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत खुद्द कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली. ते म्हणाले, जाहिरात काढत होतो. मग त्यांचं खातं बदललं. मिळालं कुठलं? क्रीडा! तेव्हा तेलगावच्या बाकावरच्या पोराला कोण बोलणार?

तेवढ्यात पोरगा हरला. फोन मांडीवर आपटून म्हणाला, "आपल्याला हार्वेस्टर चालवायचाय, काका. आत एसी असतोय."

"चालव की. पण घ्यायचा तर कोटभर रुपये पडतात."

त्यानं तडा गेलेली काच शर्टाला पुसली.

"मंग ह्यातला पयला फुकट न्हाईत देत का?"