बिनदातांचा प्रोसेसर

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा गडी आधी बैलाचं तोंड उघडतो. दोनदाती आहे की जुळलेला, ते कळलं की मगच भावाचं बोलणं. जुना प्रोसेसर घेताना ही सोय नाही. 2004 साली इंटेलने 775चं सॉकेट आणलं आणि प्रोसेसरच्या पिना काढून मदरबोर्डावर बसवल्या. तेव्हापासून हातात येतो तो बिनदातांचा गुळगुळीत चौकोन. त्याने जन्मभर कारकुनी केली की रात्र-रात्र गेम ओढले, सांगणार कोण?

आमच्या श्रीगोंद्याच्या घरातला डेस्कटॉप मुलांच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला. मुलं पुण्याला गेली, हा इथेच राहिला. आता त्यावर सातबारा निघतो, लिंबाच्या पट्ट्यांचा हिशेब एक्सेलात चढतो आणि खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. एवढा मान मिळूनही बटण दाबल्यावर चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी पडद्यावर गोल फिरतच असतं.

"मामा, क्वाड कोअर टाका," भाच्याने फर्मान काढलं. "कोअर 2 क्वाड क्यू 6600. चार कोअर म्हणजे चार माणसं कामाला."

"घरातलं एक माणूस कामाला लागत नाही, आणि पेटीत चार?" आतून आवाज आला.

हा क्यू 6600 जानेवारी 2007मध्ये आला तेव्हा त्याची घाऊक किंमत 851 डॉलर होती. तेव्हा कुणी भेट म्हणून दिला असता, तर मी तो देव्हाऱ्यात ठेवला असता. आता जुन्या मालात काही शे रुपयांत मिळतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराने मात्र मान हलवली. सॉकेट एक असलं म्हणून भागत नाही म्हणे. बोर्डाच्या चिपसेटला तो मानवला पाहिजे, बायोसला त्याची ओळख पाहिजे. ओळख नसेल तर बायोस अपडेट करायचा, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा गेला. तेव्हा मुहूर्त काढला तो पंचांगातून नव्हे, लाइटच्या वेळापत्रकातून.

मग थर्मल पेस्ट. "डाळीच्या दाण्याएवढी लावायची," पोरगा म्हणाला. "तुरीच्या की हरभऱ्याच्या?" हिने विचारलं. हसू नका; प्रश्न रास्त होता. कमी पडली तर प्रोसेसर तापतो, जास्त झाली तर बाहेर ओघळते. शेवटी तूर ठरली. त्यावर पंखा बसवायचा, त्याला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्या. समोरासमोरच्या दाबत जायचं. प्रत्येक खुंटी 'कट्' म्हणेपर्यंत बोर्ड असा वाकतो, की बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. आधीचा दोन कोअरवाला 65 वॅटचा, हा 105 वॅटचा. श्रीगोंद्याच्या मे महिन्यात घरात शेगडी आणायला एवढं निमित्त पुरे.

मशीन चालू झालं. टास्क मॅनेजरमध्ये चार आलेख उमटले. एक उड्या मारत होता, तीन आडवे पडलेले. ही बघून म्हणाली, "आपल्याच घरचे दिसतात."

चहाची वेळ मात्र तेवढीच राहिली. दुरुस्तीवाला पोरगा पहिल्यापासून हेच सांगत होता: चालू होताना प्रोसेसर बसून असतो, घोळ घालते ती गरगर फिरणारी हार्डडिस्क. त्याने एसएसडी लावली आणि आधण यायच्या आत डेस्कटॉप हजर! भाचा श्रेय अजून क्वाड कोअरलाच देतो. विंडोज 11ला मात्र दोन कोअर काय नि चार काय, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 लागतं. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. पण सातबारा आणि लिंबांना त्याचं काही नाही.

तुमच्याकडेही असा जुना गडी असेल, तर आधी एसएसडी लावा, मग रॅम वाढवा. एवढं करून पैसे उरले आणि घरात भाचा असला, तरच प्रोसेसरला हात घाला.