दाजींचा अभ्यास चालू आहे

आमच्या दाजींना ‘चहा घेणार का कॉफी’ असं विचारायचं नसतं. चहा करायचा आणि कप हातात द्यायचा. विचारलंच, तर ते आधी दोन्हींची बाजू घेतात, मग दोन्हींवर आक्षेप घेतात, आणि तोवर जेवायची वेळ होते. माणूस मूळचा वाळवा तालुक्यातला, घराणं माळकरी. गेली वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतात आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतात. ‘पण असं झालं तर?’ हे त्यांच्या पोटापाण्याचं वाक्य. ऑफिसात त्याचे पैसे मिळतात, घरी ते फुकट ऐकावं लागतं. भिंतींचा रंग, मोठी गाडी आणि दुसरं मूल हे तिन्ही विषय आपण त्यांना न विचारता उरकले, असं ताई सांगते. तिसऱ्याच्या खोलात कुणी जात नाही.

अशा घरात साप आला, तोही दाजींच्या अभ्यासामुळेच. भाचीला खरं म्हणजे कुत्रा हवा होता. कुत्र्याच्या बाजूनं आणि विरुद्ध इतके मुद्दे गोळा झाले की पोरगी कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, ‘मग बॉल पायथन आणू या.’ सापाविरुद्ध दाजींनी मुद्दे तयारच ठेवले नव्हते. ते कागद शोधेपर्यंत काचेची पेटी घरात आली होती.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी, चार-पाच फुटांच्या पुढं सहसा जात नाही, आणि घाबरला की डोकं आत घालून गच्च गोळा होतो. म्हणून याचं नाव लाडू ठेवलं. कॅलिफोर्नियात तो खुशाल पाळता येतो. फेरेट, हेजहॉग आणि जर्बिल नावाचा उंदरासारखा गरीब प्राणी मात्र पाळायला बंदी. उंदराच्या भाऊबंदाला मनाई आणि त्याला गिळणाऱ्याला परवानगी, यावर दाजी माझ्याशी फोनवर तासभर बोलले. मला वाटलं रागावलेत. नंतर कळलं, ते दोन्ही बाजू मांडत होते.

‘साप आम्हाला नवा नाही, पाव्हणं,’ असंही ते म्हणाले. शेजारचा तालुका बत्तीस शिराळ्याचा, जिथं नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या. पुढं न्यायालयानं त्या थांबवल्या. दाजींनी त्या लहानपणी पाहिल्या आहेत. कुठून पाहिल्या, हे त्यांच्या आईला विचारावं. माळवदावरून, आणि तेही शिडी वर ओढून घेऊन.

खरा घोळ दुकानात झाला. काउंटरवरच्या पोरानं सरळ विचारलं, ‘लाइव्ह की फ्रोझन?’ मागं रांग होती. दाजींनी विचार करायला वेळ मागितला आणि रिकाम्या हातानं घरी आले. रात्री एक्सेलची शीट उघडली. तीन रकाने: लाडूची बाजू, उंदराची बाजू, आणि तिसरा, ज्याला त्यांनी नाव दिलं नाही, पण तो त्यांचा स्वतःचा होता.

जिवंताच्या बाजूनं पहिला मुद्दा निसर्गाचा. रानात कुणी गोठवलेला उंदीर आणून देत नाही. दुसरा मुद्दा संशोधनाचा: अजगर भक्ष्याचा श्वास कोंडतो असं आपण समजत आलो, पण 2015 मध्ये अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी बोआ सापांवर मोजमाप करून दाखवलं, की विळखा बसताच काही सेकंदांत रक्ताभिसरणच कोलमडतं. ‘म्हणजे फार हाल नाहीत,’ दाजी म्हणाले. आणि लगेच, ‘पण पहिली पकड चुकली तर?’

विरुद्ध बाजू अधिक भक्कम. भुकेला, घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो. डोळा जातो, पाठीवर खोल जखमा होतात, साप दगावल्याचीही उदाहरणं आहेत. बॉल पायथनचा स्वभावच असा, की अंगावर कुणी दात चालवत असलं तरी हा गोळा होऊन पडून राहणार. उलट गोठवलेला उंदीर चावत नाही. त्याला आधी कार्बन डायऑक्साइडनं शांत केलेलं असतं. इथं कुणीही सुटकेचा श्वास सोडला असता. दाजींनी वाचलं की अगदी नवजात पिल्लांवर, ज्यांना धंद्यात ‘पिंकी’ म्हणतात, हा वायू उशिरा चालतो, कारण जन्मतः त्यांना कमी प्राणवायूची सवय असते. शीटमध्ये एक ओळ वाढली.

शेवटी ताईच गेली आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या डबीतून एक जिवंत उंदीर घेऊन आली. दाजींनी चिमटा घेतला, स्टूल मांडलं आणि पंचासारखे पेटीशेजारी बसले. उंदीर भुकेपोटी चावतो हे वाचलेलं असल्यामुळं त्यांनी आधी त्याच्यासमोर मूठभर ओट्स ठेवले. उंदरानं ते सावकाश खाल्ले, मिशा पुसल्या आणि लाडूच्या अंगावर चढून बसला. लाडू गोळा झाला.

‘उंदीर चावला तर उंदराला बाजूला घ्यायचं,’ दाजींनी भाचीला योजना सांगितली.

‘आणि लाडूनं धरलं तर?’

‘त्याचा अभ्यास चालू आहे.’

दुसऱ्या दिवशी ताईनं उंदीर दुकानात नेऊन दिला. पैसे परत मिळाले नाहीत. दाजी मात्र पुढचे दोन दिवस नीट जेवले नाहीत, कारण तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी सापाकडे जाणार आणि तिथं ओट्स ठेवतील की नाही याची खात्री नव्हती.

माझं मत विचाराल तर प्रश्न अवघड नव्हताच. मेलेला उंदीर सापासाठी सुरक्षित, उंदरासाठी कमी यातनांचा, आणि साप पाळणारे जाणकार बहुतेक तेच सांगतात. दाजींना हे पहिल्याच रात्री कळलं होतं. त्यांना हवा होता तो चौथा रकाना, ज्यात कुणीच मरत नाही. तो रकाना साप घरात आला त्या दिवशीच बंद झाला होता, आणि दाजी अजून त्याची किल्ली शोधत होते. अशा माणसाला भित्रा म्हणणारे म्हणोत. मला ते दयाळूच वाटतात, फक्त ती दया सगळ्यांत सारखी वाटायला घेतल्यामुळं कुणाच्याच ताटात पडत नाही.

मग गोठवलेले उंदीर कुरियरनं, कोरड्या बर्फात आले. साइज कपड्यांसारखे: पिंकी, फझी, हॉपर, पुढं पूर्ण वाढलेले. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढंच भक्ष्य द्यायचं. दाजींनी लाडूचं माप शिंप्याच्या टेपनं घेतलं. फ्रीजरचा प्रश्न ताईनं मिटवला: किसलेला नारळ आणि पुरणपोळ्यांच्या शेजारी उंदीर राहणार नाहीत, गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर येईल. इथं दाजींना प्रथमच सरकारी पाठिंबा मिळाला. असल्या गोठवलेल्या उंदरांमुळं माणसांत साल्मोनेला पसरल्याचं अमेरिकेच्या सीडीसीनं नोंदवलंय, गोठवल्यानं तो जंतू मरत नाही, आणि स्वयंपाकाची भांडी किंवा मायक्रोवेव्ह यासाठी वापरू नका असं बजावलंय. दाजींनी ती सूचना छापून फ्रीजरवर चिकटवली. खाली मराठीत लिहिलं: ‘एकादशीला उघडू नये.’

पण नुसता उंदीर वितळवून भागत नाही. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात. थंडगार उंदीर त्याच्या लेखी अन्नच नव्हे. आदल्या रात्री फ्रीजमध्ये, तोही गॅरेजमधल्याच, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात, साधारण 38 अंशांपर्यंत. डोकं अंगापेक्षा किंचित गरम असलेलं बरं. डोकं गरम करायला दाजींनी ताईचा हेअर ड्रायर वापरला. ताईनं नवा ड्रायर आणला आणि जुन्यावर मार्करनं ‘उंदीर’ लिहिलं. त्यानंतर लांब चिमट्यात धरून मेलेल्याला जरा हलवायचं, म्हणजे सापाला तो जिवंत वाटतो. गळ्यात तुळशीची माळ, हातात रबरी मोजे, आणि चिमट्यातला उंदीर डावीकडून उजवीकडे: हे दृश्य मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. लाडूनंही पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बॉल पायथन उपाशी राहण्यात पटाईत. महिनोन्‌महिने खात नाही, आणि वजन फारसं घटलं नाही तर काळजीचंही कारण नसतं. दाजी दर रविवारी त्याला वजनकाट्यावर ठेवायचे. निर्णय न घेणारा माणूस आणि जेवण न घेणारा साप काचेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेले, आणि दोघंही घाईत नाहीत. शेवटी दाजी थर्मामीटरचा सेल बदलायला खाली गेले असताना ताईनं चिमटा घेतला, उंदीर पुढं केला, आणि लाडूनं तो क्षणात उचलला. दाजी वर आले तेव्हा शेपटीच तेवढी बाहेर होती. त्यांनी वेळ आणि तापमान शीटमध्ये घातलं. ‘चिमटा कोणी धरला’ हा रकाना शीटमध्ये नाही.

आता काळजी दीर्घ पल्ल्याची आहे. हे साप तीस वर्षंही जगतात. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं 2020 साली, अंदाजे बासष्टाव्या वर्षी अंडी घातली, तीही बरीच वर्षं नराचं तोंड न पाहता. दाजींनी बेरीज केली आणि मृत्युपत्रात लाडूची तरतूद करायची ठरवली. वारस म्हणून माझं नाव घालू का, असं मला विचारलंय. मी म्हटलं, अभ्यास करतो.

गेल्या वर्षी लाडूचं जेवण नेमकं नागपंचमीला आलं. आधी पंचमी भारतातली धरायची का फ्रीमाँटची, यावर दोन दिवस गेले. मग दाजींनी गावी फोन लावला. उंदराचा विषय आईपासून लपवलेला. तिच्या समजुतीप्रमाणं लाडू दूध पितो.

‘आई, पंचमीला काय काय चालत नाही गं?’

‘चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. उकडल्यालं खायाचं. दिंडं कर की पुरणाची.’

‘आणि नुसतं गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं?’

‘कोमट कशापायी? नीट उकड.’

‘जास्त तापलं तर पोट फुटतं गं त्याचं.’

‘कशाचं?’

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. ‘दिंडाचं.’

‘मग पुरण जरा कमी भर,’ आई म्हणाली.