सहलेखक सर

बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर सकाळी सातला, पिशवी मांडीवर घेऊन कोणी 'कोलॅबोरेशन, कोलॅबोरेशन' करत बसलेलं दिसलं, की ते आमचे सर समजावेत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. संशोधन मात्र सोडलं नाही, कारण धरलंच नव्हतं.

बुऱ्हाणपुरात बाहेरचा अभ्यासक आला, की सर त्याला कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारी कालव्यात उतरवतात, वर आल्यावर चहा पाजतात, तिथल्या पाण्याची बाटली 'सॅम्पल' म्हणून हातात देतात आणि हळूच विचारतात, "पेपरात आपलं नाव कितवं?"

माणूस अगदीच वेडा नाही हं. 1615 साली, रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याचं झिरपतं पाणी जमिनीखालून, निव्वळ उतारावर शहरात आणलं; तोच हा कुंडी भंडारा. "विद्या इराणची, पाणी सातपुड्याचं, कुदळी आपल्या. भाऊ, करारावर सही कोणाची?" इराण्याचं नाव राहिलं, खणणाऱ्यांचं एकही नाही. एवढं बोलून सर तापीकडे बघत बसतात. दिवसभरात तेवढेच गप्प.

मग पिशवीतून 2015चा एक पेपर निघतो. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाचं वस्तुमान मोजलं. लेखक 5154! पानं 33, त्यातली 24 नावांची आणि संस्थांची. "लग्नपत्रिका आहे ही! मजकूर एवढासा, बाकी सगळे विनीत. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राहिलं." मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही त्यात आहेत, म्हणून सरांनी ती 24 पानं बोट फिरवून वाचली. न जाणो!

2023मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या 2600 कोटींच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा सरांनी बाटल्या भरायला घेतल्या. "हिंगोली घरचीच. अकोल्याला गाडी बदलली की झालं." गुरुत्वीय लहरींना कुंडीचं पाणी कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नाव देतो म्हणणाऱ्या एका पाहुण्याने मात्र शब्द पाळला. पेपराच्या शेवटी इंग्रजीत आभार मानले: 'लोकल रेसिडेंट्स'. सरांनी ते पान लॅमिनेट करून पिशवीत ठेवलंय. "लोकल रेसिडेंट म्हणजे कोण? मीच की!"

अनेकवचनाचा 'एस' लॅमिनेशनच्या कडेत दुमडला गेला आहे. मी तो दाखवलेला नाही.