उणे अठरा अंशांची शिकवणी

आमच्या सोसायटीत मी फ्रीझरच्या स्वयंपाकाचा वर्ग घेते. येणाऱ्या बायका रोज सकाळी सातच्या आत घरादाराचे डबे भरून मोकळ्या होतात. त्यांना मी नियोजन शिकवायचं म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवण्यातला प्रकार.

पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे शिळंच ना?"

मी सांगते, उणे अठरा अंशांना जंतूंची वाढ थांबते. "थांबतेच ना? मरत तर नाहीत?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतात. काकूंचं शास्त्र पक्कं आहे. मरत नाहीत, म्हणूनच गोठवलेली आमटी ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये उतरवायची. पण माझं वाक्य संपेपर्यंत काकूंनी शेजारणीला "बघ!" अशी कोपरखळी मारलेली असते. मग मी शिळासप्तमी काढते. त्या दिवशी आदल्या दिवशीचंच खातो ना आपण? "ते वर्षातून एकदा," काकू म्हणतात, "आणि देवीसाठी."

वाटण, खवलेला नारळ, पुरण यांवर कुणाचं दुमत नसतं. मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, हेही पटतं. बटाट्यापाशी मात्र वर्ग फुटतो. रश्श्यातला बटाटा गोठवून काढला की भुसभुशीत होतो म्हटल्यावर, "मग डब्याला द्यायचं काय?" असा सामुदायिक आक्रोश. कढीही बाद, कारण ताक फुटतं.

रस्सा पूर्ण गार करून पिशवीत भरायचा, गोठताना फुगतो म्हणून थोडी जागा सोडायची, हवा काढून पिशवी ताटात आडवी निजवायची. पातळ थर लवकर गोठतो. वर नाव आणि तारीख. "मला रंगावरून कळतं," काकू म्हणतात. गोठल्यावर आमटी, सांबार आणि चिंचेचा कोळ यांचा रंग एकच असतो, हे काकूंच्या घरच्यांना एका रविवारी इडलीबरोबर कळलं.

तेव्हापासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी फ्रीझर ताब्यात घेतलाय. वही घातलीय: आवक, जावक, शिल्लक. महिनाअखेरीला उसळीची एक पिशवी कमी भरली, तर घरात चौकशी बसली. आता पिशवी काढताना काकूंना सही करावी लागते.

त्यामुळे काकू आठवड्यातून चारदा कढी करतात.