हात लावू नका, रकाना सरकारी आहे

एक्सेलची एक गंमत माहीत आहे? नव्या शीटमधला प्रत्येक सेल जन्मतःच लॉक असतो. तरी त्यात काहीही खरडता येतं. शीट ‘प्रोटेक्ट’ करेपर्यंत त्या लॉकला शून्य किंमत.

कुलूप आहे, लावलेलं नाही. अगदीच देशी शोध वाटतो ना?

जावा या संगणकभाषेत तक्ता बनवणाऱ्याला दर चौकटीमागे एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: इथे वापरणाऱ्याला हात घालू द्यायचा का? हो किंवा नाही. ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे उत्तर जावाला चालत नाही.

महसूल खात्याला चालतं.

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा शेतकरी जावा शिकलेला नसेल. पण त्याची अख्खी इस्टेट एका तक्त्यातच आहे. सातबारा! वरच्या सातात मालक, क्षेत्र, बोजा. खालच्या बारात पीक.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीने राज्यभर बाराचा रकाना शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडला. शेतात जा, फोटो काढा, मका की कपाशी ते भरा. चुकलं तर 48 तासांत दुरुस्त करा, तेही एकदाच.

मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, स्वातंत्र्य दोन दिवसांचं.

सातातले रकाने मात्र बंद. आणि ते बंदच हवेत. मालकाचं नाव कुणालाही बदलता आलं, तर बांधावरची भाऊबंदकी रातोरात कीबोर्डवर येईल. म्हणून फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यायची, नोटीस काढायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. रचना शहाणपणाची आहे, उगाच नाक मुरडू नये.

पण हाताने लिहिलेला सातबारा संगणकात चढवताना कुणाचं आडनाव बदललं, कुणाचे गुंठे आटले, तेव्हा हे कुलूप कुठे होतं?

आता दुरुस्ती हवी? जमीन महसूल संहितेचं कलम 155. लेखनप्रमाद. अर्ज करा, जुन्या नकला जोडा, तहसीलदारांच्या आदेशाची वाट बघा. चूक करायला एक बोट पुरलं, निस्तरायला तालुका लागतो.

शिवाय ज्या किल्लीने वेलांटी सुधारते, त्याच किल्लीने अख्खा मालक ‘सुधारण्याची’ कल्पना हुशार माणसांना सुचतेच. वेलांटीवाला रांगेत उभा असतो. हुशार माणूस रांगेत कधी दिसला आहे?

मध्यंतरी, 2024 मध्ये, तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. एका निर्णयात, राज्यभर. नाव बदलणं इतकं सोपं असतं तर!

बरा प्रोग्रामर बंद सेल करडा करतो. क्लिक केलं की का बंद आहे, कुणाला उघडता येईल, तेही सांगतो. वाईट प्रोग्रामरच्या तक्त्यात माणूस नुसता टकटक करत बसतो. चौकट पांढरीच, उत्तर नाही. खिडकीवर ‘उद्या या’ एवढं तरी ऐकू येतं.

आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच बजावतं की शीटचं प्रोटेक्शन म्हणजे सुरक्षा नव्हे. आपल्याकडे त्याहून पक्का बंदोबस्त: थेट डिजिटल सही. सही साहेबांची, पासवर्ड साहेबांचा.

सहीचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतं, ते तेवढं विचारू नका.